खडकालाही विचारा

मायकल मॅडसेन यांचा ‘इन्टू इटर्निटी’ (2010) हा माहितीपट फिनलंडमधल्या ओंकालोवर आहे. तिथं अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन चारशे मीटरहून खोल, जुन्या कातळात 1,00,000 वर्षं पुरून ठेवायचं आहे. तिथं खणू नका, हे पुढच्या माणसाला कोणत्या भाषेत सांगायचं? मॅडसेन हा प्रश्न ताकदीनं मांडतात. पण बहुतेक शंका माणसावर. खडकाला मात्र सूट!

आपल्या धाराशिवला हे पटणं अवघड आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेपर्यंत आपलं सास्तूर, शेजारचं किल्लारी नकाशावर सर्वांत कमी भूकंपधोक्याच्या पट्ट्यात होतं. त्या पहाटे हजारो माणसं गेली. ‘इथं मोठा भूकंप होत नाही’ याचा अर्थ ‘आम्ही पाहिला नाही’ एवढाच निघाला. आपल्या मीमांसकांनी हे केव्हाच बजावलंय: न दिसणं हा नसण्याचा पुरावा केव्हा? असतं तर दिसलंच असतं, तेव्हा!

ओंकालोत 2004पासून बोगदा खणत, भेगा आणि पाणी तपासत हीच कसोटी लावली गेली. माहितीपटात ती मागे पडते, हा मला त्याचा मोठा उणेपणा वाटतो. उद्याच्या माणसाला इशारा देण्याआधी, आज खडकाला काय काय विचारलं, ते दाखवायला हवं होतं.