घुमटावरील चक्रधारिणी

बोरीबंदर येथील रेल्वेवास्तूच्या मुख्य घुमटावर जी स्त्रीमूर्ती उभी आहे, तिच्या उजव्या हातात उंचावलेली मशाल असून डाव्या हाताशी आऱ्यांचे चाक आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात ही वास्तू बांधली गेली. मूर्ती टॉमस अर्प यांची. तिचे नाव ‘प्रगती’. अभ्यासक हे नाव टिपून घेतात आणि पुढे जातात. नाव म्हणजे अर्थ नव्हे, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

‘प्रगती’ नावाची देवता रोमन देवमंडळात नाही. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाची, वेष तेवढा रोमन. परंतु देवतेचा वेष घेतला की तिच्या आयुधांचा पूर्वार्थही सोबत येतो. रोमन परंपरेत चाक आहे ते फॉर्तुना या दैवदेवतेचे. ते पुढे जात नाही. जागच्या जागी फिरते, वरच्यास खाली आणि खालच्यास वर नेते. मेघदूतात कालिदासानेही मनुष्यदशेच्या चढउताराला चाकाच्या धावेचीच उपमा दिली आहे.

शिल्पकाराला आगगाडीचेच चाक अभिप्रेत होते, असा आक्षेप येईल. तो मान्य करूनही प्रश्न उरतो. पाहणाऱ्याला फॉर्तुना ठाऊक नसली, तरी रहाटगाडगे ठाऊक असते. करंजा-उरणकडील माणूस मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून या परिसरात येत आला आहे. नव्या शहरासाठी त्याच्या भागातील जमिनी संपादन झाल्या; जानेवारी १९८४ मधील आंदोलनात जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. २०२४ साली लोकलगाडी उरणपर्यंत पोहोचली. या माणसाने घुमटावरील चाक कोणत्या अर्थाने वाचावे? ‘प्रगती’ हे उत्तर त्याला अपुरे वाटेल, आणि ते योग्यच होय.

त्रिकोणी शिखरांवरील अभियांत्रिकी, व्यापार व कृषी यांच्या मूर्ती मात्र असा पेच निर्माण करीत नाहीत. त्या आपापली नावे सांगून गप्प बसतात. शिल्प म्हणूनही म्हणूनच त्या फिक्या.

दर्शनी भागावरील घड्याळाखाली पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलविण्यात आला. १९९६ मध्ये वास्तूचे नावही पालटले. चक्रधारिणी घुमटावर तशीच आहे.