टेनिस स्पर्धांचे प्रक्षेपण : एका प्रचलित उपपत्तीची चिकित्सा

टेनिसमध्ये विम्बल्डन, फ्रेंच, अमेरिकन व ऑस्ट्रेलियन या चार स्पर्धांखालोखाल विजेत्यास क्रमवारीचे १००० गुण देणाऱ्या स्पर्धांना मान आहे. पुरुषांच्या अशा स्पर्धा नऊ, तर महिलांच्या दहा आहेत. जगातील अग्रगण्य खेळाडू त्यांत उतरतात. तरीही अनेक देशांत दूरचित्रवाणीच्या सर्वसाधारण वाहिन्यांवर त्यांना अल्पच स्थान मिळते. प्रेक्षकांना रुची नाही, ही याची प्रचलित उपपत्ती. ती सर्वथा निराधार नाही. परंतु ती कार्यालाच कारण समजते, हे थोड्या विचारान्ती दिसून येईल.

प्रथम खेळाच्या रचनेचा विचार करणे इष्ट ठरेल. फुटबॉलचा सामना घड्याळाने बांधलेला असतो, टेनिसचा नसतो. गुणांचा गेम, गेमांचा सेट आणि सेटांचा सामना होतो. या श्रेणीत काळाचे परिमाण कोठेच नाही. भाषेतील वाक्याप्रमाणे सामनाही नियमांनी पूर्ण होतो, मिनिटांनी नव्हे. विम्बल्डन येथे २०१० साली जॉन इस्नर व निकोला माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. त्याचा अखेरचा सेट ७०-६८ असा संपला. अमेरिकन स्पर्धेने १९७० मध्ये स्वीकारलेला टायब्रेक आणि २०२२ पासून चारही प्रमुख स्पर्धांच्या निर्णायक सेटमध्ये आलेला दहा गुणांचा टायब्रेक यांनी ही अनिश्चितता कमी केली, नाहीशी केली नाही. ज्या वाहिनीस ठरल्या वेळी बातम्या द्यावयाच्या असतात, तिला असा खेळ अडचणीचा वाटल्यास नवल नाही.

दुसरे कारण प्रक्षेपणाच्या वेळेचे. अमेरिकेत विम्बल्डनचा अंतिम सामना पूर्वी मुद्रित स्वरूपात, काही तासांनी दाखविला जाई. १९७९ मध्ये एन.बी.सी.ने तो सकाळच्या न्याहारीच्या वेळी थेट दाखविण्यास आरंभ केला आणि ती एक परंपराच बनली. २००१ साली अमेरिकन स्पर्धेतील महिलांचा अंतिम सामना शनिवारी सायंकाळच्या मोक्याच्या वेळी ठेवण्यात आला. व्हीनस व सेरेना विल्यम्स यांच्या त्या लढतीस, त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर चाललेल्या महाविद्यालयीन फुटबॉल सामन्याहून अधिक प्रेक्षक लाभले. हा त्या भगिनींच्या कीर्तीचा प्रभाव होता, असा आक्षेप घेता येईल. तथापि ती कीर्ती तरी दूरचित्रवाणीवाचून इतकी पसरली असती काय?

तिसरे कारण हक्कांच्या विभागणीत आहे. चार प्रमुख स्पर्धा आपापले हक्क स्वतंत्रपणे विकतात. पुरुषांच्या व महिलांच्या व्यावसायिक संघटनांचे व्यवहारही वेगवेगळे. इंडियन वेल्ससारख्या संयुक्त स्पर्धेत एकाच मैदानावर, एकाच दिवशी होणाऱ्या दोन सामन्यांचे हक्क यामुळे दोन भिन्न विक्रेत्यांकडे असतात. एकीचे सामने एका वाहिनीवर व दुसरीचे अन्यत्र, किंवा कोठेच नाहीत, असे घडू शकते. प्रेक्षकाने शोध सोडून दिला की त्याची गणना 'रुची नसलेल्यां'त होते.

या तीन कारणांपैकी पहिले खेळाच्या स्वभावातच आहे. उरलेली दोन करारांनी व वेळापत्रकांनी निर्माण केली आहेत. म्हणून ती बदलता येतात. जे दाखविलेच गेले नाही, त्याची मागणी प्रेक्षकसंख्येच्या कोष्टकात उमटणार कशी? ते कोष्टक मागणीपेक्षा पुरवठ्याचेच मोजमाप करते आणि पुढील वर्षीच्या उपेक्षेस तेच प्रमाण म्हणून पुढे केले जाते. या चक्राची झळ महिलांच्या खेळास व मधल्या श्रेणीच्या स्पर्धांस विशेष लागते. यास्तव एखादी स्पर्धा 'प्रमुख' नाही असा निर्णय देण्यापूर्वी, ती कोणत्या वेळी, कोठे आणि किती सुलभतेने दाखविली गेली, हे तपासणे अगत्याचे आहे.