साडेतीन मिनिटांची मुदत

माझ्याकडे एक जुनी तबकडी आहे. कडेचा टवका उडालाय, त्यामुळे पहिल्या ओळीआधी सुई दोनदा अडखळते. एकदा घड्याळ समोर ठेवून ती ऐकली. सुरुवातीचे सूर पंधरा सेकंद, मग ध्रुवपद, बासरीचा छोटा तुकडा, कडवं, पुन्हा ध्रुवपद. तीन मिनिटं बारा सेकंदांत सगळं आटोपलं. शेवटच्या ओळीवर गाणाऱ्या बाईंना जरा रेंगाळायचं होतं, हे स्पष्ट कळतं. पण जागा संपली होती.

भावगीताचा इतिहास आपण कवींपासून सांगायला लागतो. रविकिरण मंडळ, काव्यगायन वगैरे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. भावगीताचं माप कवींनी ठरवलं नाही, तबकडीनं ठरवलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. नाटकात बालगंधर्वांचं पद वन्समोअर घेत घेत रात्र खाई. तेच पद तबकडीवर यायचं तर छाटावं लागे. भावगीताला कात्री लागली नाही, कारण ते मुळात त्या मापावरच बेतलं होतं. जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गायली आणि मेहकरच्या कवीची कविता ग्रामोफोन असलेल्या घराघरांत पोचली. आलापी नाही, ताना नाहीत, शब्द मात्र लख्ख. मराठी मध्यमवर्गाला पुढची पन्नास वर्षं जी ‘अभिरुची’ वाटली, तिच्यात लाखेच्या तबकडीचा वाटा किती, हा हिशेब कुणी नीट मांडलेला नाही.

मग रेडिओ. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बा. वि. केसकर मूळचे आपल्याकडचेच. सिनेसंगीत त्यांना खपत नसे. आकाशवाणीवरून त्यांनी ते जवळजवळ हद्दपार केलं. श्रोते मुकाट्यानं रेडिओ सिलोनकडे वळले. पण रिकामी झालेली जागा भरायला ‘सुगम संगीत’ लागलं, आणि त्यासाठी गीतकार, संगीतकार, वादक नेमावे लागले. अट्टहासातून निघालेलं हे फळ गोड निघालं, एवढं केसकरांच्या पदरात टाकायला हरकत नाही. (हार्मोनियमवर मात्र आकाशवाणीनं १९४० पासून तीनेक दशकं बंदी ठेवली होती. पेटीशिवाय मराठी गाणं, म्हणजे मिठाशिवाय पिठलं.)

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून, गीतरामायण सुरू झालं. दर शुक्रवारी सकाळी एक नवं गीत. वर्षाची बावन्न व्हायची, अधिक मासामुळे छप्पन्न झाली. गीतकार गदिमा आणि संगीतकार बाबूजी यांची प्रतिभा आपण सगळे जाणतो. मला त्यातला शुक्रवार महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच गीताचा कागद बाबूजींकडून हरवला आणि आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी गदिमांना खोलीत कोंडून ते पुन्हा लिहून घेतलं, ही आठवण अनेकांनी सांगितली आहे. खरी असो वा रंगवलेली, तिच्यात एका माध्यमाचं सगळं काम आलं: मागणं, आणि वेळेवर मागणं. इथे तबकडीची मुदत नव्हती, म्हणून गीतं आठ-आठ, दहा-दहा कडव्यांपर्यंत गेली. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. मुंबई केंद्राच्या ‘भावसरगम’ या कार्यक्रमानंही असंच नवं गाणं मागून घेतलं. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, अरुण दाते यांचं ‘शुक्रतारा’ १९६२ चं.

या सुवर्णकाळाबद्दल गळा काढणाऱ्यांनी एक गोष्ट सोयीनं विसरलेली असते. मायक्रोफोनपर्यंत पोचायला ऑडिशन होती, आणि तिथे उच्चार, घराणं, गळ्याचा पोत सगळं तपासलं जाई. भावगीतात चांदणं भरपूर, घाम कमी, तो काही योगायोग नव्हे. लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी तेव्हा वस्त्यावस्त्यांत, गायनपार्ट्यांच्या रात्रभर चालणाऱ्या सामन्यांत गाजत होती. रेडिओच्या ‘मराठी गाण्या’त ती शोधावी लागत. हे दार उघडलं कॅसेटनं. ऐंशीच्या दशकात स्वस्त टेप आली, छोटे स्टुडिओ निघाले आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद-मिलिंद शिंदे यांचा पहाडी आवाज रिक्षात, लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवरच्या टपरीत शिरला. एका बाजूला अर्धा तास, म्हणजे पाच-सहा गाणी सलग. त्यामुळे कॅसेटला एक विषय लागे: भीमगीतं, विठ्ठलाची गाणी, हळदीची गाणी. महाराष्ट्रात बाबासाहेबांचं चरित्र कितीजणांपर्यंत पुस्तकातून गेलं आणि कितीजणांपर्यंत या फितीतून, हे मला तरी उघड दिसतं.

आज काय? गाणारे गळे कधी नव्हते इतके तयार आहेत. २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेनं घराघरांना वेड लावलं, पण ती मुलं गायली बहुतेक आजीच्या वयाची गाणी. वाहिनीला स्पर्धा हवी होती, आणि स्पर्धेला माहीत असलेलं गाणंच लागतं. नव्या गाण्यात कुठला सूर चुकला हे प्रेक्षकाला कळणार कसं? सिनेमा अजून नवं गाणं मागतो. ‘सैराट’नं २०१६ साली ते दाखवलं. सिनेमाबाहेर यूट्यूबवर जागा अमाप आहे, पण शुक्रवार नाही. आणि रीलमध्ये पोचतं ते ध्रुवपदाचं शेपूट. शेजारची मुलगी एक ओळ दिवसभर गुणगुणत होती. पुढचं कडवं विचारलं तर म्हणाली, “काका, याच्यापुढे आहे का काही?”

गेल्या सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनाला, दादरला होतो. शिवाजी पार्कच्या फुटपाथवर पूर्वी कॅसेटच्या चळती असत, मग सीडी आल्या. या वेळी एका स्टॉलवर नुसते पेनड्राइव्ह मांडलेले. वामनदादांची कुठली गाणी आहेत, असं विचारलं. पोरानं मान वर न करताच विचारलं, “किती जीबी पाहिजे?”