‘काडतूस’ शब्दाचा अर्थनिर्णय

१. इ. स. १८५७ च्या धामधुमीसंबंधीं पत्रें व आठवणी छापतांना ‘काडतूस’ हा शब्द सुबोध समजून टीपेवांचून सोडून देण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. पोर्तुगिजांकडून आलेल्या या एका शब्दानें तीन भिन्न पदार्थ दर्शविले जातात. त्यांचा विवेक न केल्यास वाक्याचा अर्थ बिघडतो आणि कालनिर्णयही चुकतो.

२. पहिला पदार्थ एन्फील्ड बंदुकीचें काडतूस. कागदाच्या नळकांड्यांत एकीकडे गोळी व दुसरीकडे सुमारें ६८ ग्रेन दारू असे. शिपायानें दारूकडील टोंक दातांनीं तोडावें, दारू नळींत ओतावी, काडतूस उलटें करून गोळी कागदासह तोंडांत बसवावी, उरलेला कागद फाडून ती गजानें ठासावी आणि मग केप लावावी, असा क्रम होता. वंगण गोळीकडील टोंकास असे. तेव्हां दांत लागे तें टोंक चरबीचें नव्हे. पण एवढ्यावरून शिपायांची तक्रार पोकळ ठरविणें योग्य नाहीं. ज्या वस्तूस हात व तोंड दोन्ही लागावयाचीं, तिच्यावर कोणती चरबी आहे हें त्यांस कोणी खात्रीनें सांगितलें नाहीं. मिरतेस २४ एप्रिल १८५७ रोजीं ९० पैकीं ८५ स्वारांनीं काडतुसें नाकारलीं, तीं तर जुन्याच प्रकारचीं होतीं. संशय वस्तूवरून शब्दावर गेला होता, याचें हें उत्तम प्रमाण होय.

३. दुसरा पदार्थ केपाच्या रिव्हॉल्व्हरचें काडतूस. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रांत सहा घरें असत, व तीं पुढील बाजूनें भरीत. यासाठीं पातळ कागद सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळवीत. कांहीं प्रकारांत कागदाऐवजीं आंतड्याची कातडी वापरीत. असें काडतूस न तोडतां घरांत ठेवून नळीखालील दांड्यानें दाबावयाचें. केपेची ज्वाळाच आवरण भेदून दारू पेटवी. एका घराची आग शेजारच्या घरांत जाऊं नये व जळकट मऊ राहावें, म्हणून घरांच्या तोंडाशीं वंगण लावीत. आजही हौशी लोक अशा रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृतींसाठीं सिगारेटच्या कागदाचीं काडतुसें वळतात. कागद जाड असल्यास त्याचा धुमसता तुकडा घरांत राहतो व पुढील दारू हातांतच पेटण्याचें भय असतें. यावरून कागद निःशेष जळणें हेंच या काडतुसाचें मर्म, हें उघड होतें. म्हणून एखाद्या अंमलदारानें पिस्तुलाचें काडतूस दातांनीं तोडल्याचें वर्णन आढळल्यास, लेखकानें बंदुकीची रीत पिस्तुलास लावली असावी, ही शंका प्रथम घ्यावी.

४. तिसरा पदार्थ धातूचें काडतूस. स्मिथ आणि वेसन यांचें त्या प्रकारचें लहान रिव्हॉल्व्हर अमेरिकेंत १८५७ सालींच निघालें. परंतु एन्फील्डचें मागून भरण्याच्या स्नायडर बंदुकींत रूपांतर करण्यास ब्रिटिश लष्करानें १८६६ सालीं आरंभ केला. तेव्हां सत्तावनच्या शिपायाच्या हातीं पितळी काडतूस देणारा कागद मागाहूनचा, निदान मागाहून सुधारलेला, समजावा. तसें काडतूस त्याच्या दातांत दाखविणारीं चित्रेंही त्याच मापानें त्याज्य होत.

५. हा विवेक आमच्या घरच्या ग्रंथासही लागू आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनीं ‘माझा प्रवास’ लिहिला तो घटनेनंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं, चिं. वि. वैद्य यांनीं १९०७ सालीं तो फेरफार करून छापला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली. एवढ्या काळांत काडतूस स्वतःच पालटलें होतें. अशा ग्रंथांतील या शब्दास घटनेचा, लेखनाचा व संपादनाचा असे तीन काळ लागू होतात. पैकीं कोणता धरला, हें संपादकानें टीपेंत स्पष्ट सांगावें. शब्द सोपा दिसतो म्हणून टीप गाळणें ही संपादकाची काटकसर नव्हे, कर्तव्यच्युति होय.