आयर्लंडचे ‘अचल’ खेडे : एका गृहीतकाची पुरातत्त्वीय तपासणी

आयर्लंडमधील ग्रामीण वसाहतींचा अभ्यास दीर्घकाळ एका गृहीतकाभोवती फिरत राहिला. पश्चिमेकडील डोंगराळ भागातील शेतकऱ्यांची घरे, शेते व जमीनधारणेची पद्धत ही प्रागैतिहासिक काळापासून फारशी न बदलता चालत आली आहे, असे ते गृहीतक होय. त्याला अभ्यासाची बैठक देण्याचे श्रेय प्रामुख्याने एस्टिन इव्हान्स यांच्याकडे जाते. इव्हान्स १९२८ पासून बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात भूगोल शिकवीत होते. ‘आयरिश हेरिटेज’ (१९४२) आणि ‘आयरिश फोक वेज’ (१९५७) या त्यांच्या ग्रंथांनी पुढील अभ्यासाची दिशा ठरविली.

इव्हान्स यांच्या मांडणीत दोन संज्ञा मध्यवर्ती आहेत. ‘क्लॅखान’ म्हणजे चर्च किंवा दुकान नसलेला, बहुधा नात्यातील कुटुंबांच्या घरांचा पुंजका. ‘रनडेल’ म्हणजे त्या कुटुंबांची सामाईक जमीनधारणा. घरांलगतची लागवडीची जमीन पट्ट्यांत विभागलेली असे. बरी-वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला यावी म्हणून एकाच कुटुंबाचे पट्टे विखुरलेले असत; काही ठिकाणी त्यांचे फेरवाटपही होई. पलीकडचा माळ व डोंगर सामाईक चराईसाठी राखलेला असे. उन्हाळ्यात गुरांबरोबर डोंगरावरील झोपड्यांत राहण्याची ‘बूली’ ही चालही या व्यवस्थेशी निगडित होती.

राजे-सरदारांच्या इतिहासाऐवजी कुदळ, नांगर, चूल व बांध यांना अभ्यासाचा विषय बनविणे, ही इव्हान्स यांची मोठी कामगिरी आहे. दोष त्यांच्या अनुमानपद्धतीत आहे. विसाव्या शतकात प्रत्यक्ष पाहिलेली व्यवस्था त्यांनी हजारो वर्षे मागे नेली. मधल्या काळाचा सलग पुरावा मात्र दाखविला नाही. उलट उपलब्ध पुरावा वेगळेच सांगतो. आयर्लंडमध्ये सुमारे ४५ हजार वर्तुळाकार तटबंदीच्या शेतवाड्यांची नोंद आहे. त्यांपैकी बहुसंख्य इसवी सन ६०० ते ९०० च्या दरम्यानच्या मानल्या जातात आणि त्या प्रामुख्याने एकेकट्या, विखुरलेल्या आहेत. मग क्लॅखानची अखंड परंपरा कोठे शोधायची?

केव्हिन व्हेलन यांनी या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. त्यांच्या मते पश्चिमेकडील बहुतेक क्लॅखान हे प्राचीन अवशेष नसून अलीकडच्या शतकांतील वाढत्या लोकसंख्येने निकस जमिनीवर शोधलेला मार्ग होता. बटाट्यामुळे दलदलीच्या व खडकाळ जमिनीवरही कुटुंब पोसणे शक्य झाले. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते. टॉम येगर यांनी २००२ मध्ये रनडेलच्या जुन्या मुळांचा मुद्दा पुन्हा मांडला, त्यामुळे वाद मिटलेला नाही. तथापि ‘जुनी मुळे’ आणि ‘न बदललेले खेडे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा वाद केवळ कालनिश्चितीचा नाही. एकोणिसाव्या शतकात रनडेल हे मागासलेपणाचे लक्षण ठरविले गेले. डोनेगलमधील ग्विडोर येथे १८३८ पासून जमीन घेणाऱ्या लॉर्ड जॉर्ज हिल यांनी रनडेल मोडून स्वतंत्र तुकडे पाडले आणि त्यास सुधारणा म्हटले. दुसरीकडे, १८६२ ते १८६९ या काळात भारत सरकारचे विधी सदस्य असलेले हेन्री मेन यांनी पूर्व व पश्चिमेकडील ग्रामसमाजांची तुलना १८७१ मध्ये प्रसिद्ध केली आणि १८७५ च्या ग्रंथात आयरिश कायदा व जमीनधारणाही त्याच चौकटीत आणली. भारतीय खेडे व आयरिश खेडे, दोन्ही मानवी विकासाच्या जुन्या पायरीवर थांबलेली मानली गेली. खेडे कालबाह्य ठरले की त्यातील दारिद्र्याला खंड, कर्ज व हुकूमशाही मालकी जबाबदार आहे का, हा प्रश्नच मागे पडतो.

या पार्श्वभूमीवर रॉसकॉमन परगण्यातील बॅलीकिलक्लाइन येथील उत्खनन महत्त्वाचे ठरते. माहोन कुटुंबाचा पट्टा १८३४ मध्ये संपल्यावर ही जमीन थेट राजसत्तेकडे आली आणि कुळांनी खंड देणे थांबविले. दुष्काळाच्या काळात, १८४७-४८ मध्ये, त्यांना बाहेर काढून सरकारी खर्चाने न्यूयॉर्कला पाठविण्यात आले. चार्ल्स ऑर्सर यांनी १९९८ ते २००२ या काळात तेथे उत्खनन केले. जमीनदोस्त घरांच्या जागी इंग्लंडमध्ये बनलेल्या नक्षीदार चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. बाजारापासून तुटलेला, स्वतःपुरता जगणारा शेतकरी ही प्रतिमा या तुकड्यांसमोर टिकत नाही.

मात्र येथेही सावधगिरी हवी. खंड थांबविलेल्या एका गावातील भांड्यांवरून साऱ्या पश्चिम आयर्लंडची सुस्थिती सिद्ध होत नाही. बशी विकत घेणारे कुटुंब उपाशी राहू शकत नाही, असेही म्हणता येत नाही. अ‍ॅकिल बेटावरील स्लीव्हमोरचे ओसाड गाव दुसरा इशारा देते. त्याचे भग्नावशेष सर्रास दुष्काळाशी जोडले जातात. पण तेथील घरे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बूलीसाठी वापरात होती. ओसाड भिंत स्वतःहून आपले कारण सांगत नाही.

सारांश, इव्हान्स यांचे निरीक्षण स्वीकारून त्यांचा कालविषयक निष्कर्ष नाकारणे हीच न्याय्य भूमिका होय. उत्खनन, जुने नकाशे, खंडाच्या नोंदी व मौखिक परंपरा यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे नाही. इतिहास व समाजशास्त्राच्या वर्गात ‘परंपरागत खेडे’ हा शब्द उच्चारताना कोणत्या शतकातील, कोणत्या पुराव्यावर आधारलेले आणि कोणी वर्णिलेले, हे तीन प्रश्न विचारले गेले, तर आयर्लंडच्या या अभ्यासाचा लाभ भारतीय खेड्याच्या अध्यापनालाही होईल.