मालवाहतूक व किरकोळ विक्रीतील कचरा : परतीच्या प्रवासाची चिकित्सा

प्रस्तावना :
वस्तू कारखान्यातून ग्राहकापर्यंत कशी पोहोचते, याचा विचार वाणिज्य व भूगोलाच्या अभ्यासक्रमांत होतो. ती वापरून झाल्यावर तिचे वेष्टन कोठे जाते, हा प्रश्न मात्र नगरपालिकेच्या घनकचरा विभागाचा मानला जातो. वाहतूक व कचरा यांची ही फारकत आपल्या धोरणांतही उतरली आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात दूध-वितरणाच्या आधारे केले आहे.

विवेचन :
पहाटे येणारा दुधाचा टेम्पो दुकानात भरलेले क्रेट उतरवितो व आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट घेऊन जातो. त्यांतून आलेल्या पिशव्या मात्र परत जात नाहीत. दोन्ही वस्तू प्लॅस्टिकच्याच. फरक मालकीचा आहे. क्रेट डेअरीचा राहतो, म्हणून त्याचा हिशेब ठेवला जातो. पिशवी दुधाबरोबर ग्राहकाची होते. मुंबईत आरेच्या दुधाची रिकामी काचेची बाटली केंद्रावर परत केली जात असे, हे येथे स्मरणीय आहे.

महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकविषयक अधिसूचनेने दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी मूल्य छापण्याची अट घातली. दिशा योग्य होती. परंतु छोट्या किराणा दुकानात पिशव्या कोण मोजणार, कोठे साठविणार व कोणत्या वाहनाने नेणार, हे प्रश्न सुटले नाहीत आणि पद्धत रुजली नाही.

केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वाच्या मार्गदर्शक तत्त्वांत जबाबदारी वजनात मोजली जाते. उद्दिष्ट अपुरे राहिल्यास इतरांकडील अतिरिक्त प्रमाणपत्रे विकत घेता येतात. म्हणजे स्वतःची एकही पिशवी परत न आणता नियमपालन शक्य आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाच्या ध्येयात 'शाश्वत' हा शब्द आहे. परंतु खर्चकपात, जागतिक क्रमवारीतील सुधारणा व माहितीआधारित निर्णयव्यवस्था या त्याच्या तीन लक्ष्यांत परतीच्या वेष्टनाची मोजदाद नाही. परिणामी टेम्पो जवळजवळ मोकळा परततो आणि त्याच रस्त्यावरून कचरा उचलण्यासाठी दुसरे वाहन डिझेल जाळीत फिरते.

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला स्वच्छतेचा : वापरलेल्या पिशव्या दुधाच्या क्रेटमधून नेणे योग्य नाही. हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी धुतलेल्या पिशव्या व स्वतंत्र खूण असलेले क्रेट लागतील. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजही अनेक घरांतून या पिशव्या भंगारवाल्याकडे जातात व त्यावर कष्टकऱ्यांची उपजीविका चालते. पुण्यात १९९३ पासून कार्यरत असलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या श्रमाला ओळख मिळवून दिली. परतीची व्यवस्था त्यांना वगळून उभारली, तर पर्यावरणाचा लाभ गरिबाच्या खिशातून वसूल होईल.

निष्कर्ष :
इंधन बदलल्याने टेम्पोचा धूर कमी होईल. रिकामी फेरी कमी होणार नाही. त्यासाठी वेष्टनाची जबाबदारी प्रमाणपत्रापुरती न ठेवता वितरणाच्या करारात आणावी लागेल. दुकानदाराला हाताळणीचा मोबदला, संकलनात कचरावेचकांना स्थान आणि परत आलेल्या पिशव्यांची क्रेटप्रमाणेच नोंद, या तीन अटींशिवाय ५० पैशांचे मूल्य पिशवीवर केवळ छापलेले राहील.