‘जंतुसंसर्ग’ या एका शब्दाआड

शेणव्यातल्या आमच्या आत्याचा कृत्रिम गुडघा दुसऱ्या वर्षी दुखू लागला. ताप नाही, पू नाही. नुसता ठणका आणि चालताना वाटणारा सैलपणा. शेवटी तो काढावा लागला. हाती आलेल्या कागदावर कारण एका शब्दात होते : जंतुसंसर्ग. गावाने त्याचा अर्थ लावला, ‘पथ्य पाळलं नाही, लावणीला चिखलात उतरली.’ आत्यानेही ते खरे मानले.

गुडघेबदलावरचे मराठी लेखन मी काही वर्षे जमवून वाचतो आहे. त्यात शस्त्रक्रियेचे टप्पे असतात, पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी घडवलेल्या ‘इंडस’ गुडघ्याचे रास्त कौतुक असते. २०१७ साली केंद्राने किमतींवर मर्यादा घातली तेव्हा कोणत्या धातूचा गुडघा कितीला, हेही छापून आले. जंतू मात्र सगळे सारखेच. बाहेरून आलेला शत्रू, त्याचा हल्ला, औषधाने नायनाट. आणि नायनाट झाला नाही तर चूक रुग्णाची किंवा डॉक्टरांची.

बाहेरच्या जंतूंचा धोका खोटा नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात शस्त्रक्रियागृहातली हवा शुद्ध करण्याचा ध्यास घेतला आणि सात-नऊ टक्क्यांच्या घरातले संसर्ग एक टक्क्याच्या आसपास आणले. पण उरलेल्या त्या एका टक्क्याचे काय, हा प्रश्न जंतूच्या स्वभावाकडे नेतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला की बहुधा गाजावाजा करतो : ताप, सूज, पू. हाडाच्या पेशीत शिरून संथ वाढणारे रूप घेण्याची, पुढे उलटण्याची कलाही त्याच्याकडे आहे. त्याचा भाऊबंद स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस तर आपल्याच त्वचेवरचा रहिवासी. कातडीवर निरुपद्रवी, धातूवर किंवा प्लॅस्टिकवर बसला की चिकट थर विणतो आणि महिनोन् महिने गप्प राहतो. शत्रूच्या भाषेत हा घरचाच माणूस बसत नाही. आत्याचा संथ ठणका ज्या चित्राशी जुळतो, ते हे.

त्या थराला ‘जैवपटल’ म्हणतात. आमच्याकडे माठाच्या आतली बुळबुळ म्हटले की पुरे. नुसते पाणी ओतून ती जात नाही. नवी असेल तर घासून निघते, मुरली की माठच बदलावा लागतो. सांध्याचेही तसेच. संसर्ग ताजा असेल तर सांधा उघडून, धुऊन, मूळ रोपण वाचवता येते. जुना झाला की बहुधा ते काढावेच लागते. थरातले जंतू मंदावलेले असतात, म्हणून वाढत्या जंतूंना मारणारी औषधे तिथे तोकडी पडतात. क्षयरोगामुळे घराघरांत माहीत झालेले रिफाम्पिसिन स्टॅफिलोकॉकसच्या थरावर उपयोगी पडते, हे झिमर्ली आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले. मात्र ते एकटे दिले तर जंतू लवकर दाद देईनासे होतात. जोडीला दुसरे औषध लागतेच.

इथे उलट टोकालाही जाऊ नये. प्रयोगशाळेत जाड थर विणणारा वाण रुग्णाच्या शरीरातही हटकून वाईट ठरतो, असे नाही. मधुमेह, वय, निदानाला लागलेला वेळ, शस्त्रक्रियेचा दर्जा हे सारे निकालात वाटेकरी असतात. जंतूचा स्वभाव म्हणजे विधिलिखित नव्हे. पण तो वगळून लिहिलेली हकिगत अपुरी, आणि अपुरी हकिगत दोष देण्यास फार सोयीची असते.

म्हणून आरोग्यलेखकांकडे मागणी साधी आहे : जंतूला नाव द्या. प्रकृतीला तातडीचा धोका नसेल तर प्रतिजैविक सुरू होण्याआधी सांध्यातले नमुने तपासणीला जायला हवेत, कारण आधीच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू दडतो आणि अहवाल कोरा येतो. हे वाचकाला सांगा. आसनगावहून लोकल धरून मुंबईला जाणाऱ्या रुग्णाला ‘कोणता जंतू?’ एवढा प्रश्न विचारता आला, तरी पुष्कळ झाले.

आत्याला मी माठाची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे चिखलानंच झालं असं नाही ना रे?” नक्की कशाने झाले, ते त्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. पण दोष तिच्या पदरात घालायला त्या एका शब्दाचा आधार पुरेसा नव्हता, एवढे मी तिला सांगू शकलो.